अमोनियाचा नायट्रोजन होतो, पण सगळ्याचा होतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. वाळूजला बल्क ड्रगचा, म्हणजे औषधांचा मूळ कच्चा माल बनवणारा, कारखाना. रोज साधारण ६० घनमीटर सांडपाणी, त्यात अमोनियाकल नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन) लिटरला ३,००० मिलिग्रॅमच्या आसपास. तुम्ही कॉस्टिक सोडा घालून पीएच ११ वर नेता, स्ट्रिपरमध्ये, म्हणजे पाण्यातून अमोनिया उडवून लावायच्या मनोऱ्यात, हवा फुंकता, निघालेला अमोनिया पाण्याच्या स्क्रबरमध्ये (वायू धुऊन घेणाऱ्या टॉवरमध्ये) धरता आणि स्क्रबरचं पाणी परत ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, टाकीत सोडता. वास काही जात नाही, शेजारच्या प्लॉटवाल्यांची कुरकुर चालूच आहे. आता एक वेंडर सांगतोय, स्क्रबर काढून टाका आणि कॅटॅलिस्टचा (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थाचा) रिअ‍ॅक्टर बसवा, अमोनियाचा थेट नायट्रोजन होईल, तो हवेत ७८ टक्के आहेच. तुम्ही विचारलंय की हे खरं का, कोणता कॅटॅलिस्ट घ्यावा आणि तो किती टिकेल.

वेंडर खोटं बोलत नाहीये. पण त्याने अर्धंच सांगितलंय.

तुमचा आत्ताचा सगळा प्रकार म्हणजे घाण्याचा बैल आहे. अमोनिया टाकीतून स्ट्रिपरमध्ये, तिथून स्क्रबरमध्ये, तिथून पुन्हा टाकीत. मधल्या मध्ये कॉस्टिक जातं, वीज जाते आणि जो थोडाफार अमोनिया कमी होतो तो शेजाऱ्यांच्या नाकात गेलेला असतो. ही साखळी कुठेतरी तोडायला हवी, हे नक्की. ती कॅटॅलिस्टनेच तोडायची का, हा वेगळा प्रश्न. तिकडे मी शेवटी येतो.

आधी रसायन. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा ते आठवतंय का? तांब्या-पितळेचं भांडं भट्टीवर लाल करायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकायचा, भसकन पांढरा धूर निघायचा आणि काळवंडलेलं तांबं लखलखीत व्हायचं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलेल्या भांड्यावर त्यातला अमोनिया कॉपर ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो. काळ्या ऑक्साइडचं पुन्हा तांबं होतं आणि अमोनियाचं होतं पाणी आणि नायट्रोजन. तुमचा वेंडर लाखांचं कोटेशन देऊन जे करणार आहे, ते कल्हईवाला दारात बसून करत होता. फरक एवढाच की त्याच्या भांड्यावरचा ऑक्साइड एकदा संपला की संपला. कॅटॅलिस्टमध्ये तांब्याने अमोनियाला दिलेला ऑक्सिजन हवेतून परत मिळत राहतो, म्हणून तोच तांब्याचा कण पुन्हा पुन्हा कामाला येतो.

अडचण अशी की तापलेल्या धातूवर अमोनिया आणि ऑक्सिजन भेटले की त्यांच्यापुढे तीन वाटा असतात. पहिलीत नायट्रोजन आणि पाणी होतं, ती आपल्याला हवी. दुसरीत नायट्रिक ऑक्साइड होतो, म्हणजे नॉक्स. ही वाट एवढी सोपी आहे की जगभरचं नायट्रिक अ‍ॅसिड तिच्यावरच बनतं: प्लॅटिनम-ऱ्होडियमची जाळी, ८०० ते ९५० अंश तापमान, आणि त्या जाळीतून अमोनिया काही मिलिसेकंदांत पार होतो. तिसरी वाट नायट्रस ऑक्साइडची, ती चोरवाट. या वायूला तिखट वास नाही, रंग नाही, चिमणीतून गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. पण हवामानाच्या हिशोबात शंभर वर्षांत तो किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी पडतो. तिन्ही वाटांनी अमोनिया संपतोच. म्हणून ‘आमचा कॅटॅलिस्ट ९९ टक्के अमोनिया काढतो’ या वाक्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. काढलेल्यापैकी किती नायट्रोजन झाला, ते सांगा म्हणायचं.

हे मी पुस्तकातून शिकलो असं नाही, चांगला हात पोळून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका कारखान्यात, नावगाव सांगत नाही, असाच रिअ‍ॅक्टर चालू करून दिला होता. अ‍ॅल्युमिनावर प्लॅटिनम, आत जाताना ३०० अंश, गॅसमध्ये अमोनिया ०.४ टक्के. बाहेरच्या अमोनियाचं रीडिंग ५ पीपीएमच्या खाली. पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले. तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला ऑपरेटरचा फोन: “साहेब, चिमणी पिवळी दिसू राहिली.” जाऊन बघतो तर खरंच, उगवतीच्या उजेडात चिमणीच्या तोंडाशी पिवळसर तपकिरी झाक. रात्रपाळीत एका बॅचचं मदर लिकर (उत्पादन गाळून उरलेलं द्रव) एकदम ईटीपीत सोडलं होतं. अमोनिया ०.४ वरून दीड टक्क्यावर गेला आणि बेडचं, म्हणजे कॅटॅलिस्टच्या थराचं, तापमान साडेचारशेच्या वर चढलं. त्या तापमानाला प्लॅटिनम मुकाट्याने दुसरी वाट धरतं. अमोनियाचा मीटर मात्र तेव्हाही सुरेख शून्य दाखवत होता. त्या पहाटेपासून मी अमोनियाच्या मीटरवर एकट्यावर भरवसा ठेवणं सोडलं.

तापमान एवढं कसं चढलं, ते कळायला एक आकडा मुखोद्गत करून ठेवा: हवेत १ टक्का अमोनिया जळला की गॅस ढोबळमानाने १०० अंशांनी तापतो. दीड टक्का म्हणजे दीडशे अंश. तीनशेत दीडशे मिळवा. बस्स, हाच तो अपघात.

आता कॅटॅलिस्टचे प्रकार. प्लॅटिनम कमी तापमानाला, साधारण २०० ते २५० अंशांनाच काम सुरू करतं, म्हणून ते विकायला सोपं. पण त्याच खालच्या पट्ट्यात ते नायट्रस ऑक्साइड भरपूर करतं आणि वर गेलं की नॉक्स करतं. तांबं, विशेषतः झिओलाइटवर (बारीक छिद्रांच्या खनिजावर) बसवलेलं, थोडं आळशी असतं. त्याला ३०० ते ४०० अंश लागतात. पण ते सरळमार्गी, बहुतेक अमोनिया नायट्रोजनकडेच नेतं. तिसरा प्रकार म्हणजे या दोघांचं लग्न. खाली प्लॅटिनमचा पातळ थर, त्याच्यावर तांबं-झिओलाइटचा. अमोनिया वरच्या थरातून झिरपत खाली जातो, प्लॅटिनम त्यातल्या काहीचा नायट्रिक ऑक्साइड करतं, तो वर येताना वरच्या थरात उरलेल्या अमोनियाला भेटतो आणि दोघं मिळून नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. काट्याने काटा काढायचा तो हा असा. ही गोष्ट तुम्ही रोज बघता, फक्त ओळखत नाही. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, तेव्हापासून ट्रकमध्ये डिझेलबरोबर युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, भरावं लागतं. त्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो नॉक्स मारतो. जो अमोनिया उरून निसटतो, त्याला अडवायला सायलेन्सरच्या शेवटच्या भागात हाच दुहेरी थराचा कॅटॅलिस्ट असतो. तुमच्या गेटबाहेर माल उतरवायला उभ्या असलेल्या नव्या गाडीखाली तो आहेच.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण वाळूजला तो हमखास होतो. हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे ‘अमोनिया क्रॅकर’ असतो. तोही अमोनियाचा नायट्रोजन करतो, पण ऑक्सिजनशिवाय: निकेलचा कॅटॅलिस्ट, ८५० ते ९०० अंश, आणि बाहेर ७५ टक्के हायड्रोजन, २५ टक्के नायट्रोजन. त्याला सिलिंडरमधला शुद्ध, कोरडा अमोनिया लागतो आणि वरून उष्णताही द्यावी लागते. हल्ली हरित हायड्रोजनमुळे क्रॅकिंगचा बराच बोलबाला आहे. तुमचा गॅस म्हणजे ओली हवा आणि त्यात चिमूटभर अमोनिया. कोणी क्रॅकर विकायला आलं तर चहा पाजा आणि परत पाठवा.

आता तुमच्या आकड्यांवर येऊ. दिवसाला ६० घनमीटर, ३,००० मिलिग्रॅम, म्हणजे १८० किलो नायट्रोजन. अमोनियाच्या हिशोबात जवळपास २१९ किलो, तासाला ९ किलोच्या थोडं वर. एअर स्ट्रिपरला एक घनमीटर पाण्यामागे २,००० ते ३,००० घनमीटर हवा लागते. तुमचं पाणी तासाला अडीच घनमीटर, तेव्हा हवा साडेसात हजार घनमीटर धरा. एवढ्या हवेत तो अमोनिया ०.१६ टक्के भरतो. वर सांगितलेल्या नियमाने तो जळून गॅस फक्त १६ अंशांनी तापेल. आणि ही हवा तुम्हाला ४० अंशांवरून ३०० वर न्यायची आहे. त्यासाठी ७०० किलोवॉट लागतात. चांगला हीट एक्स्चेंजर लावून ७० टक्के उष्णता परत मिळवली आणि अमोनियाची स्वतःची उष्णता वजा केली, तरी दीडशे-पावणेदोनशे किलोवॉट सतत लागतीलच. विजेवर केलं तर दिवसाला चार हजार युनिट. तुमच्या साहेबांना हा आकडा कोटेशनच्या पहिल्या पानावर दिसला होता का? मला शंका आहे.

हाच अमोनिया हवेऐवजी वाफेने स्ट्रिप केला तर चित्र पालटतं. स्टीम स्ट्रिपरच्या माथ्यावरून घट्ट अमोनिया निघतो. त्यात मोजून हवा मिसळून तासाला १,२०० घनमीटर गॅस केला, की त्यात अमोनिया १ टक्का होतो. आता जळताना १०० अंश मिळतात, उरलेले १६० एक्स्चेंजरने परत मिळवायचे, ते सहज जमतं. सुरुवातीला हीटर, मग यंत्रणा आपल्या जोरावर चालते. कॅटॅलिस्टही कमी लागतो. तासाला गॅस किती आणि कॅटॅलिस्ट किती, या गुणोत्तराला स्पेस व्हेलॉसिटी म्हणतात. ती १५,००० धरली तर साडेसात हजारांना ५०० लिटर, बाराशेला फक्त ८० लिटर. बॉयलरमध्ये स्टीम शिल्लक आहे का, हे मात्र तुम्हालाच बघावं लागेल. नसेल तर ही बचत कागदावरच राहते.

सुरक्षेचं एकच सांगतो, त्यात तडजोड नको. हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया असला की तो पेटू शकतो. हवा मिसळण्याच्या जागेनंतर प्रमाण कोणत्याही वेळी पावणेचार टक्क्यांच्या, म्हणजे खालच्या मर्यादेच्या चौथाईच्या, वर जाता कामा नये. ब्लोअर बंद पडला की अमोनियाचा वॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे. माणसाच्या हातावर ठेवू नका. आणि बेड पूर्ण तापल्याशिवाय अमोनिया सोडायचा नाही. गार कोपऱ्यात नॉक्स, अमोनिया आणि ओलावा एकत्र आले की अमोनियम नायट्रेट साठतं. ते काय चीज आहे हे तुम्हाला सांगायला नको.

किती टिकेल, हे कॅटॅलिस्टवर कमी आणि तुमच्या गॅसवर जास्त अवलंबून आहे. तांबं-झिओलाइट गंधकाने मार खातं. गॅसमध्ये गंधकाचा ट्रायऑक्साइड आणि अमोनिया असतील तर तापमान २८०-३०० अंशांच्या खाली आल्यावर अमोनियम बायसल्फेटचा चिकट थर बसतो आणि बेड बुजतो. औषधाच्या कारखान्यात त्याहून मोठा शत्रू म्हणजे सॉल्व्हंट (विद्रावक). मिथेनॉल, टोल्युइन स्ट्रिपरमधून उडून बेडवर आले तर तेही जळतात, आणि तुमचा शंभर अंशांचा हिशोब कोलमडतो. मिथिलीन क्लोराइड आलं तर त्याचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं, ते आधी कॅटॅलिस्ट खातं, मग एक्स्चेंजर. ट्रायइथाइलअमाइनमध्ये नायट्रोजन आहेच, त्याचा थोडा भाग नॉक्स होणार. म्हणून अमोनियाच्या आधी सॉल्व्हंट वेगळे काढता आले, तर कॅटॅलिस्ट दोन-तीन वर्षं जाईल. नाही काढले तर सहा महिन्यांत बदललेला बेडही मी पाहिलाय. हमी घेताना वर्षांत घेऊ नका, चालू तासांत घ्या आणि कोणत्या अशुद्धी किती चालतील ते लिहून घ्या. कॅटॅलिस्ट खराब झाला की प्रत्येक वेंडर म्हणतो, “तुमचा गॅसच खराब होता.”

आता मघाच्या मुद्द्याकडे परत: काढलेल्या अमोनियापैकी किती नायट्रोजन झाला, हे कसं कळणार? वेंडरला नायट्रोजन थेट ‘मोजून दाखव’ असं म्हणू नका, ते त्याला जमणारच नाही. १ टक्का अमोनियापासून अर्धा टक्का नायट्रोजन होतो. हवेतल्या ७८ टक्क्यांत तो अर्धा टक्का कसा शोधणार? प्रयोगशाळेत हवेऐवजी हेलियम किंवा आर्गॉनमध्ये ऑक्सिजन मिसळून वापरतात, म्हणून तिथे नवा नायट्रोजन दिसतो. कारखान्यात तो वजाबाकीनेच काढावा लागतो: आत अमोनिया किती, बाहेर अमोनिया, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड किती. जे उरलं ते नायट्रोजन. यातला नायट्रस ऑक्साइड शंभरात नव्व्याण्णव वेळा मोजला जात नाही. बॉयलरच्या चिमणीला लावायचा साधा फ्लू गॅस अ‍ॅनालायझर तो दाखवतच नाही. एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने वायू ओळखणारा मीटर, लागतो. तो भाड्याने दोन दिवस आणा, पण आणा. कमिशनिंगच्या अटींत ‘तापमान ३००, ३५० आणि ४०० अंश असताना चारही वायूंची मोजणी, कमी आणि जास्त दोन्ही लोडवर’ असं एक वाक्य घालून ठेवा. पेढे त्यानंतर.

आणि हो, कन्सेंट, म्हणजे प्रदूषण मंडळाची संमती. नवी चिमणी, नवा नॉक्सचा स्रोत, म्हणजे एमपीसीबीकडे (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे) बदल कळवून मंजुरी घ्यावी लागेल. रिअ‍ॅक्टर बसवून झाल्यावर नाही, आधी.

आता कॅटॅलिस्टशिवायचे पर्याय, कारण ते न बघता तुम्हाला सल्ला देणं बरोबर होणार नाही. सगळ्यात सरळ म्हणजे पाण्याच्या स्क्रबरऐवजी सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा. तुमच्या अमोनियाला दिवसाला ६३० किलो अ‍ॅसिड लागेल आणि ८५० किलो अमोनियम सल्फेट मिळेल. बैल तिथेच थांबतो. वास एका आठवड्यात जातो. मराठवाड्यात खताला गिऱ्हाईक नाही असं कोण म्हणेल? पण औषध कारखान्यातलं सल्फेट सॉल्व्हंटचा वास घेऊन येतं, आणि खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेशाच्या कसोटीला उतरावं लागतं. उतरलं नाही तर रोजच्या ८५० किलो सल्फेटची पोती कुठे ठेवणार? मी स्वतः पहिल्यांदा याच रस्त्याची शक्यता तपासतो. अमोनिया बनवायला कोणीतरी नैसर्गिक वायू जाळलेला असतो. तो पुन्हा पैसे खर्चून हवेत सोडायचा, हे माझ्या शेतकरी बापाच्या पोराला पटत नाही.

दुसरा पर्याय जिवाणूंचा, तोही कॅटॅलिस्टच म्हणा, फक्त जिवंत. नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट) आणि मग डिनायट्रिफिकेशन (नायट्रेटचा नायट्रोजन). एक किलो नायट्रोजनला ४.५७ किलो ऑक्सिजन आणि ७.१४ किलो अल्कलिनिटी (पाण्यातला क्षारपणा) लागते. तुमच्या १८० किलोंना दिवसाला सव्वाआठशे किलो ऑक्सिजन. एवढ्या जहाल पाण्यावर हे जिवाणू टिकत नाहीत, पण स्ट्रिपर नीट चालवून ३,००० चे ३०० केले तर पुढचं काम ते कोणत्याही कॅटॅलिस्टपेक्षा स्वस्तात करतात. नदीनाल्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा ५० मिलिग्रॅमची आहे, तिथे पोहोचायला शेवटचा टप्पा हाच. क्लोरीनने मारायचं कोणी सुचवेल, तर एक किलो नायट्रोजनला साडेसात किलोंहून जास्त क्लोरीन लागतो, हे लक्षात ठेवून नाही म्हणा.

स्ट्रिपरवरून आठवलं. मे महिन्यात ४२ अंशांना तो झकास चालतो. डिसेंबरच्या पहाटे तापमान दहावर आलं की तोच स्ट्रिपर अर्धा अमोनिया खाली पाण्यात ठेवतो. पीएच ११ ला अमोनिया मोकळा असतो खरा, पण गार पाणी त्याला सोडत नाही. तुम्ही पाठवलेला रिपोर्ट एप्रिलचा आहे. हिवाळ्याचा आकडा बघितल्याशिवाय कुठल्याच यंत्राची ऑर्डर देऊ नका.

मग तुम्ही काय करावं? माझा कल असा: आत्ताच्या साडेसात हजार घनमीटर हवेवर कॅटॅलिस्ट नको, वीजबिल खाऊन टाकेल. सल्फेट घेणारा मिळत असेल तर अ‍ॅसिड स्क्रबर. मिळत नसेल आणि स्टीम शिल्लक असेल, तर स्टीम स्ट्रिपर आणि त्यावर दुहेरी थराचा छोटा कॅटॅलिस्ट. हा कल बदलू शकतो, आणि तो बदलेल अशी एक गोष्ट तुम्ही लिहिताना सहज सांगून गेलात: स्ट्रिपरनंतरच्या डक्टमध्ये पांढरी पावडर जमते, ती दर रविवारी धुऊन काढतो.

या रविवारी धुऊ नका. चमचाभर खरवडून तीन परीक्षानळ्यांत पाण्यात विरघळवा. पहिलीत कॉस्टिक टाका, अमोनियाचा वास येईल. दुसरीत नायट्रिक अ‍ॅसिडचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट, तिसरीत हायड्रोक्लोरिकचे दोन थेंब आणि बेरियम क्लोराइड. तिसरीत पांढरा साका बसला तर सल्फेट आहे, बायसल्फेटचा विचार करावा लागेल. दुसरीत दह्यासारखा पांढरा साका फुटला तर तो कल्हईवाल्याचा नवसागर आहे, म्हणजे तुमच्या गॅसमध्ये क्लोराइड येतंय. तसं असेल तर वेंडरला थांबवा आणि मिथिलीन क्लोराइड कोणत्या बॅचमधून ईटीपीत येतंय ते प्रॉडक्शनला विचारून मला कळवा.